नो-क्लेम बोनस : घरच्या बाईने सांभाळायची शिल्लक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनी दरवर्षी कोणी आहाराविषयी बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासाविषयी, कोणी सणावारांविषयी. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, "घरखर्चातील एखादा विषय घ्या." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत बोलण्याची मला सवय नाही. पण घरचा जमाखर्च मी गेली वीस-बावीस वर्षे माझ्या हाताने लिहीत आले आहे, तेवढ्या आधारावर उभी राहिले आहे. विषय ऐकून काही जणींना हसू येईल. विषय आहे मोटारीच्या विम्यात मिळणारी सूट, आणि ती हातची जाते कशी.

तुम्ही म्हणाल, हा पुरुषांचा विषय. गाडी ते चालवतात, विमा ते उतरवतात, एजंटाशी ते बोलतात. आपण मागच्या बाजूला बसून देवदर्शनाला जाणार, एवढाच आपला संबंध. पण भगिनींनो, हप्त्याचे पैसे जातात कुठून? ज्या कमाईतून दूध, किराणा, मुलांची फी आणि सासूबाईंची औषधे भागवायची, त्याच कमाईतून जातात ना? पाच रुपयांच्या कोथिंबिरीवर आपण भाजीवाल्याशी बोलतो, आणि पाच हजारांची सूट गेली तर घरात कोणाला कळतही नाही. म्हणून हा विषय मी आपला मानते.

आता आपल्या भागात दाराशी चारचाकी असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कोणी नवी घेते, कोणी जुनी घेते, कोणाच्या मुलाने कर्ज काढून घेतलेली असते. गाडी आली की विमा आलाच. या विम्याचे दोन भाग असतात, ते आधी सांगते.

पहिला भाग दुसऱ्यांसाठी. आपल्या गाडीमुळे कोणाला इजा झाली, कोणाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या भागातून होते. याला थर्ड पार्टी म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे हा भाग सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली, तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीसाठी. गाडी ठोकली, जळली, चोरीला गेली, पुरात बुडाली, तर भरपाई या भागातून मिळते. हा भाग घ्यावा की न घ्यावा हे आपल्या मर्जीवर असते. मी ज्या सुटीविषयी बोलते आहे, ती फक्त या दुसऱ्या भागाच्या हप्त्यावर मिळते. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ती नाही.

या सुटीला नो-क्लेम बोनस म्हणतात. नावात बोनस आहे, पण हातात पैसे कोणी देत नाही. वर्षभरात आपण आपल्या गाडीसाठी भरपाई मागितली नाही, म्हणजे क्लेम केला नाही, तर पुढच्या वर्षीच्या हप्त्यात तेवढी सूट. नेहमीच्या पॉलिसीत तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. एक वर्ष क्लेम नाही, तर २० टक्के. लागोपाठ दोन वर्षे नाही, तर २५. तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. पन्नासाच्या वर ती जात नाही. आणि मध्ये एकदा क्लेम केला, की पायरी पायरीने उतरणे नाही. पुढच्या वर्षी एकदम शून्यावर. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की वरचा थर काढून टाकून भागत नाही, तसेच हे.

हे पन्नास टक्के म्हणजे काय, ते रुपयांत पाहू. हिशोब सोपा जावा म्हणून मी पूर्ण आकडा घेते. समजा, आपल्या गाडीच्या दुसऱ्या भागाचा मूळ हप्ता दहा हजार रुपये आहे. पाच वर्षे क्लेम केला नाही, तर आपण पाच हजारच भरतो. आता एक क्लेम केला. पुढच्या वर्षी पूर्ण दहा हजार, म्हणजे पाच हजार जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळून आठ हजार, म्हणजे तीन हजार जास्त. मग साडेसात हजार, मग साडेसहा हजार, मग साडेपाच हजार, म्हणजे अडीच हजार, दीड हजार आणि पाचशे जास्त. सहाव्या वर्षी आपण परत पाच हजारांवर येतो. या पाच वर्षांत जास्त गेले किती? पाच, तीन, अडीच, दीड आणि अर्धा. बेरीज साडेबारा हजार. गाडी जुनी होत जाते तशी तिची विम्यातील किंमत उतरते आणि हप्ताही कमी होत जातो, म्हणून खरा आकडा याहून थोडा कमी भरेल. पण अंदाज यायला हा हिशोब पुरे.

आमच्या शेजारच्या वहिनींची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. दिवाळीच्या गडबडीत त्यांच्या मुलाने गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबाला लावली. मागचा बंपर फुटला. गॅरेजवाल्याने पाहिले आणि म्हणाला, "विमा आहे ना? मग खिशातले कशाला घालता? क्लेम टाका." बिल झाले आठ हजार चारशे. त्यात बंपर चार हजार आठशेचा, बाकी रंग आणि मजुरी. घरच्यांना वाटले, चला, आठ हजार वाचले. पण विम्याची रीत अशी की, प्लॅस्टिकच्या आणि रबराच्या वस्तू नव्या बसवल्या तर साध्या पॉलिसीत त्यांची निम्मीच किंमत मिळते. बंपरचे दोन हजार चारशे तिथेच कापले गेले. रंगाच्या सामानावरही काही कापतात, ते आपण सोडून देऊ. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये पहिली ठरावीक रक्कम आपण सोसायची असते. लहान इंजिनच्या गाडीला ती नेहमीच्या पॉलिसीत एक हजार. म्हणजे कंपनीकडून आले फार तर पाच हजार. आणि त्यांची सूट पन्नास टक्क्यांवर होती. पुढच्या वर्षी हप्त्याचा कागद आला तेव्हा भावजी म्हणाले, "कंपनीने दर वाढवला." वहिनी तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. आम्ही दोघींनी मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून पाहिला, तर सुटीच्या रकान्यात पन्नासाच्या जागी शून्य. कंपनीने काही चोरले नव्हते, सगळे नियमाप्रमाणे झाले होते. पाच हजारांसाठी साडेबारा हजारांच्या आसपासची शिल्लक खर्ची पडली, एवढेच. आणि गॅरेजवाल्याचे बिल तर दोन्ही बाजूंनी भागणारच होते. हिशोब करायचा तो आपणच.

म्हणून माझे पहिले सांगणे हे, की क्लेम नोंदवण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. गॅरेजमधून खर्चाचा अंदाज लेखी मागा. त्यातून कंपनी खरोखर किती देईल ते विचारा. आपली सूट आज कितीवर आहे ते पॉलिसीत पाहा. मग दोन्ही रकमा शेजारी मांडा. मिळणारी रक्कम जाणाऱ्या सुटीहून कमी असेल, तर खिशातून दुरुस्ती करणे स्वस्त पडते. ज्याची सूट मोठी, त्याने हा विचार अधिक करावा. ज्याची गाडी पहिल्याच वर्षाची आहे आणि सूट अजून सुरूच झालेली नाही, त्याचे नुकसान त्या मानाने कमी. वरच्याच दहा हजारांच्या हिशोबात ते पाच वर्षांत मिळून पाच हजारांच्या घरात जाते.

इथे एक शंका हटकून येते. धडक दुसऱ्याने दिली, चूक त्याची, मग आमची सूट का जावी? प्रश्न रास्त आहे. पण ही सूट चूक कोणाची ते पाहत नाही. आपण आपल्या पॉलिसीतून आपल्या गाडीची भरपाई घेतली की नाही, एवढेच पाहते. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून कोणी ठोकले, तरी आपल्या पॉलिसीतून पैसे घेतले की सूट गेली. समोरच्याच्या विम्यातून नुकसानभरपाई मागता येते, पण ती मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावून, आणि त्यात वेळ जातो. हे मनाला पटत नाही, मलाही पटत नाही. पण नियम ठाऊक असला तर निदान जागेवरच समोरच्याशी बोलून किरकोळ दुरुस्तीचे पैसे घेता येतात का, ते पाहता येते.

आता याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर माझे बोलणे ऐकून कोणी सुटीला देव्हाऱ्यात बसवील. आपण कृष्णाकाठची माणसे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत सांगलीत पाणी किती आले, ते मी तुम्हाला सांगायला नको. कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी सुटीचा विचार करत बसू नये. गाडी बुडाली, चोरीला गेली, मोठा अपघात झाला, तर क्लेम करावाच. विमा त्याच्यासाठीच घेतलेला असतो. लाखाच्या नुकसानीपुढे पाच-दहा हजारांची सूट ती काय? मात्र एक ध्यानात ठेवा. पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून सुरू करून पाहू नका. तसे केल्याने इंजिनात पाणी ओढले जाऊन ते बिघडते, आणि हे नुकसान तुम्ही स्वतः केले असे म्हणून इंजिनाचा खर्च नाकारला जाऊ शकतो. फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी ओढून न्यायला सांगा. आणि ज्यांची पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची आहे, त्यांना पुराच्या नुकसानीचे काहीच मिळत नाही, हेही पावसाळ्याआधीच पाहून ठेवा.

क्लेम न करताही ही सूट जाते. कशी? पॉलिसीची मुदत संपून ९० दिवसांत ती पुन्हा चालू केली नाही तर. पाच वर्षांत एक ओरखडा गाडीला नाही, एक रुपया कंपनीकडून घेतलेला नाही. तरी एक्क्याण्णवाव्या दिवशी ती पन्नास टक्के सूट संपते. आणि ९० दिवस आहेत म्हणून स्वस्थ बसू नका. सूट ९० दिवस थांबते, विमा थांबत नाही. मुदत संपली त्या रात्रीपासून गाडी उघडी पडलेली असते. मध्ये अपघात झाला तर भरपाई नाही, आणि पुन्हा विमा घ्यायला गेले तर बहुधा आधी गाडीची तपासणी होते.

नवी गाडी घेणाऱ्यांचा तर एक वेगळाच गोंधळ होतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या चारचाकीला थर्ड पार्टीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. शोरूममध्ये सांगतात, "तीन वर्षांचा विमा झाला." आपल्याला वाटते, आता तीन वर्षे पाहायला नको. पण पुष्कळदा त्याच पॉलिसीत स्वतःच्या गाडीचा भाग मात्र एकच वर्षाचा असतो. तो वर्षाने संपतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पोलिसाने अडवले तर कागद चालू असतो, म्हणून आपण निर्धास्त. आणि इकडे पहिल्या वर्षाची मिळवलेली २० टक्के सूट निघून गेलेली असते, गाडीही बिनविम्याची फिरत असते. तेव्हा नव्या गाडीच्या पॉलिसीवर दोन तारखा असतात का, ते आज घरी गेल्यावर पाहा.

आता जे सांगणार आहे, त्यासाठीच खरे म्हणजे मी हा विषय घेतला. आपल्याच भागातील एक काकू. त्यांचे नाव मी घेत नाही. श्रावणात काका अचानक गेले. गाडी काकांच्या नावावर, विमा काकांच्या नावावर, कंपनीचे सगळे निरोप काकांच्या मोबाईलवर. तो मोबाईल दिवसकार्य झाल्यावर बंद करून कपाटात ठेवला गेला. भाद्रपदात पॉलिसीची मुदत संपली. आठवणीचे निरोप आले असतील, ते त्या बंद फोनवर. घरात माणूस गेलेले, येणारे-जाणारे, बँकेचे कागद, पेन्शनचे कागद. त्यात गाडीचा विमा कोणाला सुचणार? पौषात पुतण्या गाडी काढायला गेला, तेव्हा त्याने कागद पाहिला. ९० दिवस कधीच उलटून गेले होते. काकांनी गाडी इतकी जपून चालवली, की वर्षानुवर्षे एक क्लेम नाही. ती पन्नास टक्के सूट तर गेलीच, शिवाय मधले महिने गाडी बिनविम्याची उभी होती, दोन वेळा रस्त्यावर निघालीही होती. काकू मला एवढेच म्हणाल्या, "पैशांचे जाऊ दे ग. पण त्यांनी इतक्या वर्षांत राखलेली ती एक गोष्ट होती, आणि ती माझी होऊ शकते हे मला कोणी सांगितले नाही."

होय भगिनींनो, ती त्यांची होऊ शकत होती. ही सूट माणसाची असते, गाडीची नव्हे. म्हणून एरवी ती एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जात नाही, नवऱ्याकडून बायकोकडेसुद्धा नाही. पण याला एक अपवाद ठेवलेला आहे. विमा ज्याच्या नावावर, तो माणूस गेला आणि गाडी त्याच्या पत्नीकडे, पतीकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे आली, तर त्याने मिळवलेली सूट त्यांना मिळते. मोटार विम्याच्या २००२ च्या दरपत्रकात हा नियम लिहिलेला आहे. त्याच नियमांत असेही आहे, की मालक गेल्याबरोबर पॉलिसी बंद पडत नाही. ती मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने, किंवा मुदत संपेपर्यंत, यांत जे आधी येईल तोपर्यंत चालू राहते. तेवढ्या अवधीत वारसाने मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी आणि गाडी आपल्याकडे आल्याचा पुरावा घेऊन कंपनीकडे अर्ज करायचा. आरटीओलाही तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करून घेण्याचा अर्ज द्यायचा. दुःखाच्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही, हे मी जाणते. म्हणूनच ते आधी, घरात सगळे सुखरूप असताना, ठाऊक असले पाहिजे. आणि सगळ्यांचे निरोप एकाच फोनवर येऊ देऊ नयेत. पॉलिसीची मुदत संपण्याची तारीख आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली, तर तिला कोणाचा फोन लागत नाही.

सूट माणसाची असते, यातून दुसरीही गोष्ट निघते, ती फायद्याची. आपण गाडी विकली, तर सूट गाडीबरोबर द्यायची नाही, ती आपल्याजवळ ठेवायची. गाडी विकल्याचे कागद दाखवून कंपनीकडून तसे पत्र मागायचे. ते तीन वर्षे चालते. त्या मुदतीत दुसरी मोटार घेतली, की तिच्या पहिल्याच हप्त्यात ही सूट मिळते. नव्या गाडीचा हप्ता मोठा असतो, तेव्हा तिथे पन्नास टक्के म्हणजे रक्कमही मोठी. फक्त मोटारीची सूट मोटारीलाच. स्कूटरची सूट मोटारीला लावता येत नाही. कंपनी बदलली तरी सूट जात नाही. जुन्या कंपनीचा कागद नव्या कंपनीला दाखवायचा. जुनी गाडी विकून नवी घेताना शोरूममध्ये सगळे जण रंग आणि सीटकव्हर पाहण्यात गुंतलेले असतात. त्या वेळी आपण हळूच विचारावे, "जुन्या गाडीचा नो-क्लेम बोनस लावलात का?"

आणि जुनी गाडी घेणाऱ्यांनी उलटे ध्यानात ठेवावे. विकणारा म्हणतो, "विमा अजून आठ महिने आहे, बोनसही पन्नास टक्के आहे." विमा असेल, पण तो बोनस तुमचा नव्हे. गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची, आणि उरलेल्या मुदतीपुरती त्या सुटीची रक्कम भरायची. हे न करता जुन्याच मालकाच्या नावाच्या पॉलिसीवर गाडी फिरवली आणि अपघात झाला, तर आपल्या गाडीची भरपाई नाकारली जाऊ शकते.

एक सांगते, जरा कडू लागेल. कंपनी बदलताना कोणी सल्ला देतो, "मागच्या वर्षी क्लेम झालाच नाही असे लिहू, सूट मिळून जाईल." असे कधी लिहू देऊ नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते. सूट खोटे सांगून घेतली असे निघाले, तर पुढे खरे मोठे नुकसान होईल तेव्हा आपल्या गाडीची भरपाईच गमवावी लागते. दोन-चार हजारांसाठी आपण चार-पाच लाखांच्या गाडीचा विमा पोकळ करून ठेवतो. सही आपली असते, सांगणाऱ्याची नव्हे. फॉर्म भरून झाला की सही करण्याआधी सुटीचा रकाना वाचून घ्यावा.

थोडे जास्त पैसे भरून ही सूट राखण्याची सोयही पुष्कळ कंपन्या देतात. तिला नो-क्लेम बोनस प्रोटेक्शन म्हणतात. ती घेतली, तर ठरलेल्या अटींत एखादा क्लेम होऊनही सूट टिकते. ज्यांची सूट ४५-५० टक्क्यांवर पोचली आहे, त्यांनी तिची किंमत विचारून हिशोब करावा. प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या. कोणी वर्षात एकच क्लेम चालवते, कोणी आणखी काही. तेव्हा एजंटाच्या तोंडी सांगण्यावर राहू नये, आपल्या पॉलिसीवर काय छापले आहे ते वाचावे. अक्षर बारीक असते खरे. मी माझ्या मुलीकडून मोठ्याने वाचून घेते, आणि जे कळत नाही ते कंपनीच्या शाखेत जाऊन विचारते. पहिल्या वेळी काउंटरवरच्या मुलाने मला विचारले, "साहेब नाही आले?" मी म्हटले, "साहेब कामावर गेलेत, हिशोब मी ठेवते." मग त्याने नीट समजावून सांगितले. विचारायला लाजू नये, एवढेच मी त्यातून शिकले.

आणि आपली हक्काची सूट कंपनीने दिली नाही तर? आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची आणि पोच घ्यायची. महिन्याभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या सांगली जिल्ह्यासाठी त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. साध्या भाषेत अर्ज लिहून सोबत कागद जोडायचे. विमा नियामकाचा तक्रारीचा फोनही आहे, १५५२५५. हा आकडा कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.

शेवटी, घरी गेल्यावर करायचे काम सांगते. अर्ध्या तासाचे आहे. गाडीच्या पॉलिसीचा कागद मागून घ्या. तो मोबाईलमध्ये असेल तर एक छापील प्रत काढून डाळ-तांदळाच्या हिशोबाच्या वहीत ठेवा. वहीच्या एका पानावर पाच ओळी लिहा : पॉलिसी कोणाच्या नावावर आहे, स्वतःच्या गाडीच्या भागाची मुदत कोणत्या तारखेला संपते, थर्ड पार्टीची मुदत कोणत्या तारखेला संपते, सूट आज किती टक्के आहे, आणि कंपनीचा फोन नंबर. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने गोल करा, आणि त्याच्या पंधरा दिवस आधी आणखी एक गोल. पुढच्या वर्षी नवा कागद आला की जुन्याशेजारी ठेवून पाहा. सूट वाढली असेल तर ठीक. कमी झाली असेल तर का, ते विचारा.

आपल्या मंडळात पुढच्या महिन्यापासून भिशीच्या दिवशी ज्यांना हवे असेल त्यांनी आपापली पॉलिसी घेऊन यावी. मी फार शिकलेली नाही, पण एका कागदाशेजारी दुसरा कागद ठेवून वाचायला आपण सगळ्याच जणी एकमेकींना मदत करू शकतो. ज्या काकूंविषयी मी बोलले, त्यांनीही यायचे कबूल केले आहे. त्यांनी आता गाडी आपल्या नावावर केली आहे, नवी पॉलिसी घेतली आहे, आणि या वर्षाअखेर त्यांची पहिली वीस टक्के सूट सुरू होईल. ही त्यांची स्वतःची.